पश्चात्ताप करायचा म्हणजे नक्की करायचं काय

लेंट, म्हणजे ईस्टरच्या आधीचा उपासाचा काळ, आला की आपल्याकडे सगळ्यांना आठवतं की काहीतरी सोडायचं असतं. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लागते, मग पुढचे चाळीस दिवस (रविवार त्यात धरत नाहीत) कोणी मटण सोडतं, कोणी चहा सोडतं, आमच्या इंदूरात एखादा हिरो शेव सोडतो, आणि हे सगळ्यात अवघड कारण इकडे पोह्यांवर पण शेव, वरणावर पण शेव, नुसती पोळी असली तरी बाजूला शेव. पण हे सगळं ज्याच्यासाठी चाललंय तो पश्चात्ताप करायचा कसा हे कोणी बसून सांगत नाही. प्रवचनात शब्द ऐकू येतो, आपण मान डोलावतो, घरी येतो, आणि सोमवारी सकाळी काय वेगळं करायचं ते काही कळलेलं नसतं.

माझं माहेर सीएनआयचं (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे प्रोटेस्टंट), सासर कॅथलिक, म्हणजे एकीकडे पाळक नि दुसरीकडे फादर, दोन्हीकडची पद्धत घरात बघितलेली. दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करायच्या विधीच्या) वर्गातल्या मुलांना शिकवते त्यामुळे प्रश्न पण भरपूर ऐकते, आणि मुलांचे प्रश्न मोठ्यांसारखे गुळमुळीत नसतात. रडू नाही आलं तर चालतं का? रात्री सॉरी म्हटलं नि सकाळी परत तेच केलं तर? देवाला सांगितलं ना, मग त्या माणसाला कशाला सांगायचं? खाली जे लिहिलंय ते ह्याच प्रश्नांच्या अनुषंगाने लिहिलंय. ख्रिस्ती नसलेले शेजारीपाजारी पण विचारतात की तुमच्यात पाप माफ होतं म्हणजे काय, एकदा चर्चमधे जाऊन बोलून आलं की झालं मोकळं? तर त्यांच्यासाठी पण आहे.

आधी दोन गैरसमज बाजूला काढू

पहिला म्हणजे पश्चात्ताप म्हणजे खूप वाईट वाटणं. वाईट वाटणं हे त्यात येतं, नाही असं नाही, पण वाईट तर पकडले गेल्यावर पण वाटतं. बायकोला मेसेज दिसले म्हणून वाईट वाटतं, ऑडिट लागलं म्हणून वाईट वाटतं. बायबलमधे प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (७:१०) दोन प्रकारची दुःखं सांगितलीत, एक देवाला धरून असलेलं, जे माणसाला वळवतं आणि तारणापर्यंत नेतं, आणि दुसरं जगाचं दुःख, जे मरणाकडे नेतं. आता दोन्हीत डोळ्यांतून पाणी येऊ शकतं, म्हणून पाण्यावरून काही ठरवू नका. ज्याला रडू येत नाही त्याने उगाच टेन्शन घेऊ नये आणि ज्याला लगेच येतं त्याने उगाच खुश होऊ नये. योएल संदेष्ट्याचा संदेश राखेच्या बुधवारी वाचतात, त्यात सरळ म्हटलंय की कपडे फाडू नका, हृदय फाडा.

दुसरा गैरसमज आपल्या मराठी घरांत जास्त मुरलेला आहे, धर्म कुठलाही असो. चूक झाली, मग काहीतरी अवघड करून ती फेडायची. उपास धरायचा, अनवाणी चालायचं, कुठेतरी दान द्यायचं, की खातं बरोबर. ख्रिस्ती विश्वासात हा हिशोबच बसत नाही, कारण पापाची किंमत ख्रिस्ताने क्रूसावर भरली असं आम्ही मानतो, तुमच्या चाळीस दिवसांच्या शेवेत ती भरून निघणार नाही. उपवास करायचा तो स्वतःला जरा जागं ठेवायला, किंमत चुकवायला नाही. नि हे एकदा डोक्यात बसलं की मग पुढचं सगळं सोपं नाही होत पण सरळ होतं, कारण तुम्ही काहीतरी मिळवायला निघालेले नसता, तर जे आधीच द्यायला कोणीतरी दारात उभं आहे तिकडे निघालेले असता. रोमकरांस पत्रात (२:४) लिहिलंय की देवाचा चांगुलपणाच माणसाला पश्चात्तापाकडे नेतो. आपण उलटं समजतो, की आधी आपण सुधारू मग देव बघेल आपल्याकडे.

उधळ्या मुलाची गोष्ट (लूक १५) माहीत असेल, तरी परत काढून वाचा, एक बारीक गंमत आहे त्यात. डुकरांमधे बसून पोरगा भाषण पाठ करतो, बाबा मी पाप केलं, मी तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायक नाही, मला एखाद्या नोकरासारखं ठेवा. घरी आल्यावर पहिली दोन वाक्यं तो बोलतो. नोकराचं वाक्य त्याच्या तोंडून येतच नाही, बापाने त्याच्या आतच झगा आणा, अंगठी आणा, चपला आणा सुरू केलेलं असतं. म्हणजे परतफेड म्हणून नोकरी करायची त्याची जी ऑफर होती ती ऐकून घेण्यात बापाला रसच नव्हता.

मग बसायचं, आणि नावं घ्यायची

आता प्रत्यक्ष काम. वेळ काढा. शनिवारी रात्री, प्रभुभोजनाच्या (चर्चमधे भाकर आणि प्याला घेण्याच्या विधीच्या) आदल्या दिवशी, ही वेळ जुनी माणसं पाळायची नि ती बरोबरच आहे, कारण पौलाने सांगितलंय की माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी, प्याला घ्यावा. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. कागद पेन घ्या, नंतर फाडून टाका हवं तर.

आणि आता मोघम लिहायचं नाही. "देवा, मी पापी आहे, मला क्षमा कर" हे वाक्य चुकीचं नाही, शुभवर्तमानातल्या (बायबलमधल्या येशूच्या चरित्रातल्या) जकातदाराची प्रार्थना जवळपास हीच होती आणि तो नीतिमान ठरून घरी गेला. पण आपण ते वाक्य बऱ्याचदा लपायला वापरतो. एमवायच्या (इंदूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्याच्या) ओपीडीत जाऊन नुसतं "बरं नाहीये" म्हणून उभं राहिलं तर डॉक्टर काय करणार, कुठे दुखतं, कधीपासून, ताप किती, ते तर सांगावं लागेल ना. तसंच हे. "माझा स्वभाव रागीट आहे" असं लिहू नका, "मंगळवारी मी सुनेला पाहुण्यांसमोर बोलले, मुद्दाम बोलले" असं लिहा.

काय काय शोधायचं सुचत नसेल तर दहा आज्ञा घ्या एकेक करून, ही सगळ्यात जुनी पद्धत. किंवा मला स्वतःला बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची पद्धत जास्त आवडते (लूक ३). लोक त्याच्याकडे येऊन विचारतात, मग आम्ही काय करावं? त्याने सगळ्यांना एकच उत्तर दिलं नाही. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक द्यावा. जकातदारांना म्हणाला ठरलेल्यापेक्षा जास्त वसूल करू नका. शिपायांना म्हणाला धाकदपटशा करून पैसे काढू नका, पगारात समाधान माना. म्हणजे कोणालाही नोकरी सोडून रानात ये म्हणाला नाही, ज्याचा जो धंदा त्यात जे सडलंय तिथे बोट ठेवलं. तर तुम्ही पण तुमच्या कामापासून सुरुवात करा. टीचर असाल तर कुठल्या मुलाला वर्षभर उगाच कोपऱ्यात ठेवलं, ठेकेदार असाल तर मजुराचा कुठला हप्ता "उद्या ये" करत लांबवला, सासू असाल तर, सून असाल तर. घर आणि कमाई ह्या दोन जागा आधी तपासा, बाकी पापं नंतर सापडतात आपोआप.

एक सावधगिरी. काही लोकांना हे काम उलटं लागतं, ते खोदतच बसतात, रात्रभर, बारीक बारीक गोष्टी, पाचवीत शाईची बाटली सांडली इथपर्यंत. अशांनी कागद अर्ध्या तासात बंद करावा आणि झोपावं, आणि हे सतत होत असेल तर पाळकांशी किंवा डॉक्टरांशी बोलावं. ते पश्चात्तापाचं लक्षण नाही.

कोणापुढे बोलायचं

देवापुढे, हे तर आहेच. स्वतःच्या भाषेत बोला. इकडे इंदूरात आपली चर्चमधली उपासना हिंदीत, गाणी हिंदीत, शाळेतली प्रार्थना इंग्लिशमधे, पण भांडण आपण मराठीत करतो ना, मग कबुली पण मराठीतच येऊ द्या. शब्द सुचत नसतील तर स्तोत्र ५१ उघडा. दावीद राजाने बथशेबाशी जे केलं आणि तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईत पुढे उभं करून जे मारवलं, त्याच्यावर नाथान संदेष्टा येऊन बोलला त्यानंतरचं हे स्तोत्र आहे असं त्याच्या मथळ्यातच लिहिलंय. त्यात "पण", "परिस्थितीच तशी होती", "तिनेच आधी" असलं एकही वाक्य नाही, हे वाचताना बघा.

प्रोटेस्टंट उपासनेत सगळी मंडळी मिळून पापकबुली म्हणते, विचारांनी, शब्दांनी, कृतींनी केलेलं पाप. ते म्हणताना शनिवारचा कागद आठवा, नाहीतर पाठ झालेलं असल्यामुळे तोंड चालू राहतं नि डोकं दुपारच्या जेवणात असतं.

कॅथलिक असाल तर पापनिवेदन, म्हणजे कन्फेशन. जे बरीच वर्षं गेले नाहीत त्यांना पद्धतच विसरल्याची लाज वाटते, आणि त्या लाजेपायी अजून काही वर्षं जातात. तर सांगते, जाऊन सरळ म्हणायचं, फादर, खूप वर्षांनी आलोय, मला आठवत नाही कसं करायचं. ते पुढे नेतात. शेवटचं कधी केलं ते सांगायचं, मग पापं, गंभीर असतील ती स्पष्ट आणि साधारण किती वेळा ते, गोष्ट रंगवून नाही आणि दुसऱ्यांची पापं तर अजिबात नाही (अर्ध्या बायका नवऱ्याचीच सांगून येतात असं एक म्हातारे फादर हसून म्हणायचे). मग फादर काही प्रायश्चित्त सांगतात, तुम्ही पश्चात्तापाची प्रार्थना म्हणता, ते क्षमादानाचे शब्द म्हणतात, झालं. वर्षातून निदान एकदा तरी जायचं हा नियम १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेपासून (कॅथलिक चर्चची मोठी सभा) आहे. आणि फादर कोणाला सांगतील ही भीती काढून टाका, ऐकलेलं बाहेर काढायला त्यांना सक्त मनाई आहे, कोर्टाने विचारलं तरी, आणि ज्याने फोडलं तो धर्मगुरू आपोआप बहिष्कृत होतो.

आता अवघड भाग, परत करणं

इथे गाडी अडते. देवाला सांगून झालं, मन हलकं झालं, आता कशाला ते उकरायचं. मला वाटतं आपल्या चर्चमधे पश्चात्ताप जितका बोलला जातो त्याच्या दहावा हिस्सा पण पैसे परत होत नाहीत, आणि हे कोणीतरी बोललं पाहिजे.

जक्कयची गोष्ट (लूक १९) घ्या. यरीहोतला मुख्य जकातदार, श्रीमंत, बुटका, गर्दीत दिसेना म्हणून उंबराच्या झाडावर चढलेला. येशू खालून म्हणतो, जक्कया लवकर उतर, आज मला तुझ्या घरी राहायचंय. ह्याच्यात क्रम बघा, आधी घरी यायचं ठरलं, जक्कयने तोपर्यंत एक पैसा सोडलेला नाही. आणि मग तो उभा राहून म्हणतो, माझी अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि कोणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो. मोशेच्या नियमशास्त्रात चोरून विकलेल्या मेंढराबद्दल चौपट सांगितलंय (निर्गम २२), पण स्वतःहून कबूल केलं तर मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा इतकंच होतं (गणना ५:७). म्हणजे ह्याने स्वतःहून मोठा आकडा निवडला. भावना काय झाली त्याची, रडला का, लूकने एक ओळ लिहिली नाही. आकडा लिहिला.

आता हे आपल्याकडे कसं दिसेल? समजा शीतलामाता बाजारात साडीच्या दुकानात बसणारा एक मुलगा. शेठ दुपारी जेवायला घरी जातो तेव्हा एखादी कॅशची साडी बिलात चढत नाही. असं वर्षभर. आता त्याचं मन खातंय. त्याने काय करायचं? आधी कागदावर आकडा काढायचा, आठवेल तसा, आणि शंका असेल तिथे जास्तीचा धरायचा. समजा आठ हजार झाले. पाचवा हिस्सा म्हणजे सोळाशे, एकूण नऊ हजार सहाशे. सगळे नसतील तर जितके आहेत तितके पाकिटात घ्यायचे आणि बाकीचे किती महिन्यांत देणार ते ठरवून जायचं. लग्नसराईच्या गर्दीत नाही, सकाळी दुकान उघडताना, जेव्हा गादीवर फक्त शेठ असतो आणि अगरबत्ती लावत असतो. आणि बोलायचं काय तर (बोलणार तो हिंदीतच, पण वाक्य हेच): "शेठजी, मागच्या वर्षात मी गल्ल्यातून पैसे घेतले. माझ्या हिशोबाने आठ हजार. हे पाच हजार आणलेत, बाकीचे दिवाळीपर्यंत देतो. मी चोरी केली." बस. आईच्या आजारपणाचं सांगायचं नाही, पगार कमी होता ते सांगायचं नाही, चर्चमधे काय ऐकलं ते पण सांगायचं नाही, कारण मग शेठला तुम्हाला शाबासकी द्यावीशी वाटते आणि विषय बदलतो. तो काढून टाकेल कदाचित. पोलिसांचं नाव पण काढेल. ते त्याचा हक्क आहे, आणि जाण्याच्या आधी हे मनात पक्कं करून जायचं, की माफी मिळाली तर तो बोनस.

पैशापेक्षा जास्त गुंता घराच्या वाट्यांत असतो. रामबागेत, लोकमान्य नगरात, जुन्या मराठी घरांत हे इतकं आहे की विचारू नका. वडील गेले, भाऊ पुण्यात, ताई लग्न होऊन गेलेली, इथे राहणाऱ्याने हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या "फक्त फॉर्म्यालिटी आहे" म्हणून, आणि आता वरच्या मजल्याचं भाडं येतंय दर महिन्याला, ते ताईला माहीतच नाही. आणि हाच माणूस रविवारी पुढच्या बाकावर. त्याला लेंटमधे चहा सोडायची गरज नाहीये, त्याला ताईला फोन करायची गरज आहे. पर्वतावरच्या प्रवचनात येशूने अगदी हेच म्हटलंय (मत्तय ५:२३-२४), वेदीवर अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन दे. म्हणजे दानपेटी पण थांबू शकते.

ज्याचं घेतलं तो माणूस आता राहिलाच नाही तर? हा प्रश्न पण जुनाच आहे, गणनाच्या त्याच अध्यायात उत्तर आहे, त्याच्या जवळच्या नातेवाइकाला द्या, तो पण नसेल तर ते देवाचं म्हणून याजकाकडे जातं. आज आपण म्हणू मुलांना द्या, कोणीच नसेल तर गरजू माणसाला. पण स्वतःकडे ठेवायचं नाही हे नक्की.

बदनामी केली असेल तर जिथे केली तिथेच मागे घ्या. मावशीच्या सुनेबद्दल फॅमिली ग्रुपवर काहीबाही टाकलं, पंचवीस लोकांनी वाचलं, आणि आता माफी मागायची तर तिला एकटीला पर्सनलवर? नाही. त्याच ग्रुपवर लिहा, की मी अमुक लिहिलं होतं ते खरं नव्हतं. दोन ओळी. खाली हात जोडलेले इमोजी टाकायची गरज नाही.

आणि "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी" हे माफी मागणं नाही, त्याच्यात चूक वाईट वाटणाऱ्याची होते. मी हे केलं, ते चूक होतं, भरपाई म्हणून हे करतोय, इतकं पुरे.

काही वेळा सांगण्याने समोरच्याचं जास्त नुकसान होतं, हे पण खरं आहे. ज्याला काहीच माहीत नाही त्याच्यावर आपलं ओझं टाकून आपण मोकळं व्हायचं, ह्यात थोडा स्वार्थच असतो. तिथे एकट्याने ठरवू नका, कारण एकट्याने ठरवलं की उत्तर नेहमी "नको सांगायला" असंच येतं. पाळक, फादर, नाहीतर मंडळीतलं एखादं तोंड बंद ठेवणारं वयस्कर माणूस, त्यांच्याशी बोला आणि मग ठरवा.

यहूदा आणि पेत्र

वर्गात मी हे नेहमी घेते कारण ह्याने वरचं सगळं परत तपासून बघता येतं. एका रात्रीत दोघांनी दगा दिला. यहूदाने चांदीच्या तीस नाण्यांसाठी येशूला धरून दिलं, पेत्राने कोंबडा आरवायच्या आत तीनदा ओळख नाकारली. आता मत्तय २७ वाचा. यहूदाला पस्तावा झाला. त्याने कबूल केलं, मी निर्दोष माणसाचं रक्त पकडून दिलं. त्याने तीसचे तीस परत नेले आणि मंदिरात फेकले. म्हणजे वाईट वाटणं, कबुली, परतफेड, तिन्ही झालं! पेत्राने ह्यातलं फक्त रडणं केलं. मग फरक काय?

यहूदा ज्यांच्याकडे गेला ते याजक म्हणाले, आम्हाला त्याचं काय, तुझं तू बघ. आणि तो स्वतःचं स्वतः बघायला गेला, एकटा, आणि जीव दिला. पेत्र तिथेच राहिला, बाकीच्यांबरोबर, आणि पुढे सरोवराच्या काठी येशू दिसल्यावर पोहत त्याच्याकडे गेला. शुभवर्तमान लिहिणाऱ्या योहानाने (हा बाप्तिस्मा करणारा नव्हे) दोन्ही ठिकाणी कोळशाचा विस्तव लिहिलाय, नाकारलं तेव्हा पेत्र अंगणात विस्तवाशी शेकत उभा होता आणि आता किनाऱ्यावर विस्तवावर मासे आहेत, आणि येशू तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का. जितक्यांदा नाकारलं तितक्यांदा. म्हणजे त्याला जुनं विसरायला लावलं नाही, पण लाथाडलं पण नाही, उलट कामाला लावलं, माझी मेंढरं चार.

म्हणून मुलांना सांगते, सगळ्या पायऱ्या केल्या आणि त्या ख्रिस्ताकडे जायच्या ऐवजी स्वतःलाच शिक्षा द्यायला केल्या तर काही उपयोग नाही. स्वतःचा जीव नकोसा वाटत असेल इतकं अपराधी वाटत असेल तर हा कागद-पेनचा प्रकार करूच नका, आधी कोणालातरी हाक मारा, आत्ता.

आपल्याकडचंच उदाहरण

हे सगळं पुस्तकातलं वाटत असेल तर उदयनगर फार लांब नाही. देवास जिल्ह्यात, इंदूरहून बस जाते. सिस्टर राणी मारिया तिथे आदिवासी लोकांमधे काम करायच्या, सावकारांच्या तावडीतून लोक सुटायला लागले म्हणून काही जणांच्या डोळ्यांत खुपायला लागल्या. २५ फेब्रुवारी १९९५ ला त्या इंदूरकडे यायच्या बसमधे होत्या, आणि समंदर सिंहने बसमधल्या लोकांसमोर सुऱ्याने वार करून त्यांना मारलं. पन्नासहून जास्त जखमा. जन्मठेप झाली त्याला.

पुढे स्वामी सदानंद म्हणून ओळखले जाणारे एक फादर तुरुंगात त्याला भेटायला जायला लागले. आणि २००२ मधे राणी मारियांची सख्खी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, इंदूरच्या जेलमधे गेल्या आणि त्याला राखी बांधली. कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला, २००६ मधे तो सुटला, आणि नंतर केरळात जाऊन त्यांच्या आई-वडिलांना भेटला. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरातच राणी मारियांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) जाहीर केलं, तेव्हा ही गोष्ट सगळीकडे गेली.

मला ह्यात राखीच्या वेळेचं महत्त्व वाटतं. सिस्टर तो सुधारल्याचं सर्टिफिकेट बघून गेल्या नव्हत्या. आणि दुसरी गोष्ट, राखी बांधली म्हणून दुसऱ्या दिवशी दार उघडलं नाही, आणखी काही वर्षं तो आतच होता. क्षमा झाली तरी केल्याचे परिणाम राहतात. दावीदाचं पण तसंच, नाथान म्हणाला देवाने तुझं पाप दूर केलंय, पण त्याच्या घरात पुढे जे जे झालं ते वाचवत नाही. तर पश्चात्ताप केला म्हणून केस मागे घेतली जाईल, बायको परत येईल, नोकरी टिकेल, ह्या हिशोबाने करायला जाऊ नका.

परत तेच झालं तर

होणार. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने १५१७ मधे जे पंच्याण्णव मुद्दे काढले त्यातला पहिलाच असा आहे की प्रभूने पश्चात्ताप करा म्हटलं तेव्हा विश्वासणाऱ्याचं अख्खं आयुष्य पश्चात्तापाचं असावं असं त्याला म्हणायचं होतं. परत पडलात तर परत शनिवारचा कागद. फक्त एक करा, तीच गोष्ट चार-पाचदा कागदावर आली की प्रार्थनेबरोबर सोय पण बदला. दारू असेल तर घरी यायचा रस्ता बदला, एए च्या (दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या) मीटिंगला जा. फोनवरचं काही असेल तर रात्री फोन आईकडे. उगाच इच्छाशक्तीच्या गप्पा नकोत.

आणि दुसऱ्याचा पश्चात्ताप खरा की खोटा

हा प्रश्न मला बायका विचारतात, हळू आवाजात, उपासना संपल्यावर. नवरा मारतो, मग रविवारी चर्चमधे रडतो, पाया पडतो, आणि मंडळीतली मोठी माणसं म्हणतात, अगं आता पश्चात्ताप केलाय त्याने, माफ कर आणि घरी जा. माझं ह्याच्यावर स्पष्ट मत आहे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने परूश्यांना (कडक धर्म पाळणाऱ्या यहूदी लोकांना) सांगितलं होतं, पश्चात्तापाला शोभेल असं फळ द्या, आणि फळ एका रविवारी येत नाही. माफ करणं ही तुमची आणि देवाची गोष्ट, त्याला वेळ लागला तर लागू द्या. त्याच घरात परत जाऊन राहणं ही वेगळी गोष्ट आहे. त्याने दारू सोडली का, किती महिने झाले, पगार हातात देतो का, तुमच्या माहेरच्यांसमोर आणि त्याच मोठ्या माणसांसमोर "मी मारलं" असं स्वतःच्या तोंडाने म्हणाला का, तुम्ही "आत्ता नाही येत" म्हटल्यावर चिडला की थांबला, हे बघा. चिडला तर अजून काही झालेलं नाही. आणि कोणी पाळक घाई करत असतील तर त्यांना विचारा की सहा महिने तुम्ही दर आठवड्याला त्याच्याबरोबर बसाल का, आणि ते हो म्हणाले तर वार आणि वेळ तिथेच ठरवून घ्या.